नावात गाय

जूनमध्ये हडर्सफील्डला अंधार उशिरा येतो,
दहा वाजून गेल्यावर, शेवटच्या बसने आल्यासारखा.
मग मी बादली घेते, कपाळावर दिवा बांधते
आणि प्लॉट नंबर एकतीसमध्ये उतरते.
कौन्सिलची जमीन, भाडं वर्षाचं,
आठ वर्षं यादीत नाव ठेवून मिळालेली.

काल इथे घेवड्याची एकोणीस रोपं होती.
दोन-दोन पानं, ओंजळ नुकती उघडल्यासारखी.
आज अकरा.
बाकीच्या जागी नुसते देठ, पेन्सिली तासून ठेवाव्यात तसे,
आणि मातीवर ती चकाकती सही.

अंड्यांची टरफलं पसरली. ती त्यांनी ओलांडली.
कॉफीचा चोथा टाकला. बहुतेक आवडला.
वाफ्याच्या फळ्यांना तांब्याची पट्टी ठोकली,
वाटलं, पळी-पंचपात्राचं तांबं, त्याचा तरी मान ठेवतील.
दह्याच्या डब्यात बियर ओतून डबा पुरला.
आमच्या घरात आलेली पहिली बियर,
सदानंदने वास घेतला आणि बाटली लांब धरली.
सकाळी डब्यात सातजण.
सुखाने गेले की कसे, कळायला त्यांना चेहरा नव्हता.

मिठाचा पुडा मात्र तसाच परत आणला.
म्हणजे, हात वर गेला होता.
इंग्रजीत सोपं आहे : स्लग.
बंदुकीतून सुटल्यासारखा शब्द,
त्याच्यावर मीठ टाकता येतं.
माझ्या तोंडात आली गोगलगाय,
आणि गाय म्हटल्यावर
मनगट आपोआप खाली आलं.
भाषेने असं मध्ये पडायचं काही कारण नव्हतं.
घेवडा माझा होता.

शेजारच्या प्लॉटवरचे मिस्टर ओल्डरॉइड कात्री वापरतात.
वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं गिरणीत
सुटाचं कापड जिने कापलं, तीच कात्री.
खच्. वाकतात, उठतात, पुन्हा खच्.
मी म्हटलं, आमच्याकडे म्हण आहे,
गोगलगाय आणि पोटात पाय.
त्यांनी जरा विचार केला.
‘बरोबरच आहे की,’ म्हणाले, ‘पोटानेच चालते ती.’
म्हणीतला टोमणा छाटून
त्यांनी खरं तेवढं ठेवलं.

मग मी शंखवाल्या चौदा वेचल्या.
केतकी लीड्सला जाताना विसरलेलं नेलपॉलिश काढलं,
प्रत्येकीच्या पाठीवर एक लाल ठिपका,
आणि भिंतीपलीकडे, बंद पडलेल्या रेल्वेच्या उतारावर
बादली हलकेच उपडी केली.
इथे कुणी म्हणेल, घर पाठीवर घेऊन निघालेले
आपण सगळेच.
मी नाही म्हणणार. मला घेवडा हवा होता,
आणि पाठ माझी नुसतीच दुखत होती.

गुरुवारी पाऊस. शुक्रवारी पाऊस.
शनिवारी पडला नाही, पण थांबलाही नाही.
त्याच्या पुढच्या रविवारी ओल्डरॉइड फाटकाशी उभे,
हातात स्वयंपाकघरातली मोठी काडेपेटी, जराशी उघडी.
‘माझ्या लेट्यूसवर होती,’ म्हणाले.
‘कात्री उघडली, तेव्हा रंग दिसला.
म्हटलं, कुणाची तरी असेल.’

आत ती. ठिपका एका कडेने घासलेला.
शिंगं हळूच बाहेर,
एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.
मी पेटी घेतली. थँक्यू म्हटलं.
अशा वेळी दुसरं काय म्हणतात?

घेवड्याची सहा रोपं आता काठीला लागली आहेत.
रात्री दिवा बांधून जातेच, बादली भरतेच,
बियरची दुसरी बाटलीही आणली.
काडेपेटी शेडच्या खिडकीत आहे.
सदानंदला सांगितलेलं नाही.
आत रोज एक कोबीचं पान ठेवते,
अगदी बाहेरचं, जून,
तसंही आपण ते टाकूनच देतो.